विहीर डावीकडे आहे

त्या दिवशी किल्ल्यावर तिने एका माणसाला सगळ्यांसमोर नकार दिला आणि दुसऱ्या माणसाच्या ओल्या कामात पाय घातला. जाताना गाडीत चौघं होते, परतताना तिघंच.

बरं, आता हे विसरा. असं काही घडलेलंच नाही. सकाळ आहे, गाडी वळणं घेत डोंगर चढतेय, चौघंही आपापल्या जागी आहेत आणि कोणी कोणाला काहीही नाकारलेलं नाही. तिने तर नाहीच नाही. तिने आजवर कोणालाच काही नाकारलं नव्हतं.

मित्रमंडळींत तिला 'कृपया' म्हणत. तिचा धंदाच तसा होता. लिफ्टमध्ये 'कृपया दारापासून दूर उभे राहा' म्हणणारी बाई म्हणजे ती. बँकेला फोन लावल्यावर 'कृपया प्रतीक्षा करा' म्हणून आपल्याला म्हातारं करणारी बाई, तीही तीच. एका जुन्या इमारतीच्या तळघरात, भिंतींना फोम चिकटवलेल्या खोलीत, पंखा बंद करून – कारण पंख्याचा आवाज येतो – ती घामाने निथळत अख्ख्या शहराला शिष्टाचार शिकवायची.

गाडी चालवत होता सारथी. त्याच्या शेजारी त्याची बायको, म्हणजे कृपयाची कॉलेजपासूनची मैत्रीण. हिला सगळे 'मॅनेजर' म्हणत. खरं तर ती फिजिओथेरपिस्ट होती; पण लोकांच्या मानेला आणि लोकांच्या आयुष्याला वळण लावायचा तिला सारखाच सोस. आणि मागच्या सीटवर, कृपयाच्या शेजारी, प्रस्ताव. हे नाव कृपयाने त्याला मनातल्या मनात ठेवलं होतं. तो मॉड्युलर किचन विकायचा, वेळेवर यायचा, मोठ्यांशी अदबीने बोलायचा. माणूस वाईट नव्हता. हीच तर पंचाईत होती.

"काच खाली करू का थोडी?" कृपयाने विचारलं.

"नको, आम्हाला वारा सोसत नाही," प्रस्ताव सारथीला म्हणाला.

त्या 'आम्हाला'मध्ये आपण नेमक्या कधी भरती झालो, हे कृपयाला आठवेना. पुढे कॉफीच्या टपरीवर त्याने "आम्हा दोघांना बिनसाखरेची" असं सांगितलं. कृपया दोन चमचे साखर घालते. ती बिनसाखरेची प्यायली आणि वर 'थँक्यू' म्हणाली.

पेट्रोल पंपावर मॅनेजरने तिला हाताला धरून बाजूला ओढलं.

"ऐक, तुला यातलं काही माहीत नाही हं."

"कशातलं?"

"पश्चिम बुरुजावर, सूर्य टेकला की तो गुडघ्यावर बसणार. अंगठी माझ्या पर्समध्ये आहे. तुला फक्त आश्चर्य वाटायला हवं. वाटव बघू?"

कृपयाने आश्चर्य वाटवलं.

"दाढा दिसतायत. तोंडावर हात घे. हां… आता डोळ्यात पाणी."

"आणि… मी नाही म्हटलं तर?"

मॅनेजर इतकी हसली की तिला पंपाचा आधार घ्यावा लागला. "तू? अगं, रस्त्यावर पत्रकं वाटणारा दिसला तर तू त्याच्याकडून चार-चार घेतेस. त्याला वाईट वाटू नये म्हणून!"

तेवढ्यात आईचा फोन आला. "हो म्हण आणि स्वेटर घाल," एवढं बोलून आईने ठेवला. तिकडे आईने मामाला, आत्याला आणि हॉलवाल्याला आधीच कळवून टाकलं होतं. म्हणजे होकार घरातून रवाना झालाच होता. कृपयाने वर जाऊन तो फक्त पोचता करायचा होता.

*

किल्ला डोंगराच्या डोक्यावर असा बसला होता, जसा एखादा रुसलेला म्हातारा सगळ्यांकडे पाठ करून बसतो. शेकडो वर्षं त्याच्यावर तोफा चालल्या, शिड्या लागल्या. आता कुरकुरे खाणारे पर्यटक चालून येत होते आणि त्यांच्यापुढे मात्र त्याने शस्त्रं टाकली होती.

दरवाजात प्रत्येकाच्या गळ्यात एक छोटं यंत्र अडकवत होते. कानाला लावायचं, आकडा दाबायचा, की किल्ला आपली माहिती सांगू लागतो. कृपयाने ते कानाला लावलं आणि जागच्या जागी गोठली.

'नमस्कार. या ऐतिहासिक किल्ल्यावर आपलं स्वागत आहे. कृपया पायाखाली पाहून चाला.'

"अगंबाई, ही तर तूच!" मॅनेजर ओरडली.

तीच होती. दोनेक वर्षांपूर्वी तिने कुठल्याशा किल्ल्याचं रेकॉर्डिंग केलं होतं. कुठला, ते कोणी सांगितलं नव्हतं आणि तिनेही विचारलं नव्हतं. आता आजूबाजूला तीस-चाळीस माणसं तिच्या हुकमावर चालत होती. ती 'वर पाहा' म्हणाली की माना वर जात. ती 'शांतता राखा' म्हणाली की नवरा-बायको भांडण अर्ध्यात सोडत. घरी तिचं मांजरसुद्धा तिचं ऐकत नसे.

प्रस्ताव पहिल्या चौकात थांबला. दगडी भिंतीकडे बघून म्हणाला, "इथे आम्ही ओटा काढला असता." सारथी फोटो काढत राहिला. कृपया आपल्याच आवाजामागे पुढे निघाली.

'आता उजवीकडे वळा. समोर आपल्याला किल्ल्याची विहीर दिसेल. कृपया वाकून पाहू नका.'

ती उजवीकडे वळली. समोर पडकी तटबंदी होती, बांबूची परांची होती, ओली पोती होती, एक दोरी आडवी बांधलेली होती. विहीर नव्हती.

'कृपया दोरी ओलांडू नका,' ती स्वतःच्या कानात म्हणाली.

जन्मात पहिल्यांदाच कृपयाला त्या बाईचा राग आला. काय सारखं हे करू नका, ते करू नका! आणि विहीर कुठाय, बाई? तिने यंत्र कानापासून दूर केलं, दोरी उचलली आणि खालून वाकून पलीकडे गेली. दोन पावलं टाकली. तिसरं पाऊल मऊ लागलं. फारच मऊ.

"थांबा! हलू नका!"

भिंतीचा एक तुकडा सुटून तिच्याकडे चालत आला. निदान तिला तसं वाटलं, इतका तो माणूस डोक्यापासून पायापर्यंत चुन्याने पांढरा होता. हातात थापी, भुवयांवर चुना, आणि भुवयांखाली दोन भयंकर संतापलेले डोळे. बरे होते डोळे. तिने नोंद घेतली.

"आज सकाळी पूर्ण केलंय हो ते!" तो म्हणाला. "सकाळी! दोरी दिसत नाही? की तीसुद्धा विहीरच वाटली?"

"माफ करा… मी कृपया… म्हणजे… कृपया मला जरा बाहेर काढाल का?"

तो थांबला. थापी हवेतच राहिली.

"पुन्हा म्हणा."

"काय?"

"तेच. 'कृपया'."

"…कृपया?"

त्याने बादली उपडी केली आणि त्या बादलीवरच बसला. खूप दिवस ज्याला शोधतोय तो चोर अचानक बसस्टॉपवर शेजारी उभा दिसावा, तसा तो तिच्याकडे पाहत राहिला.

"तुम्ही!" तो म्हणाला. "त्या तुम्ही! 'उजवीकडे वळा'वाल्या!"

"हो… पण विहीर…"

"विहीर डावीकडे आहे, बाईसाहेब! बांधली तेव्हापासून डावीकडेच आहे, एक दिवस इकडे आलेली नाही! तुमच्या कृपेने सगळी दुनिया उजवीकडे वळते. उजवीकडे कोण? मी. लोक येतात, माझ्या चुन्याच्या हौदात डोकावतात, म्हणतात 'फारशी खोल नाही'. डोळे मिटून, इच्छा मागून त्यात नाणी टाकतात. एका काकांनी माझा फोटो काढला आणि बायकोला सांगितलं, हा बघ पुतळा. 'विहीर इथे नाही' अशी पाटी लावली मी. साहेबांनी काढायला लावली. विनापरवाना पाटी म्हणे!"

कृपयाला हसू येत होतं आणि पाय रुतलेला होता. अशा वेळी हसणं बरं दिसत नाही. तिने ओठ दाबले.

"हसा, हसा," तो म्हणाला. "मी पण कधीकधी हसतो. बहुतेक रविवारी."

त्याने हात पुढे केला. खरखरीत, गार, ओला हात. तिने धरला… आणि पाय बाहेर आल्यावरही सोडायचं दोघांच्याही जरा उशिरा लक्षात आलं. ओल्या चुन्यात तिच्या बुटाचा ठसा उमटला होता, तळव्याच्या नक्षीसकट.

"बूट काढा. चुना आहे, कातडी जाळेल." तो पाणी घेऊन आला आणि ब्रशने तिचा बूट घासू लागला. "एक विचारू? उजवीकडे का म्हणालात? कागदावर चुकलं होतं?"

"नाही," ती एका पायावर उभी राहून म्हणाली. "कागदावर डावीकडेच असणार. पण काय होतं… दिशा सांगताना मला हाताने दाखवावं लागतं. हात हलला नाही तर आवाजात दिशा येत नाही. त्या दिवशी माझा डावा हात प्लास्टरमध्ये होता."

"मग?"

"मग उजवाच हलला."

त्याने ब्रश पुन्हा पाण्यात बुडवला.

"आणि प्लास्टर कशामुळे?"

"लिफ्टमुळे. मी लिफ्टमध्ये शिरत होते, तर 'दार बंद होत आहे' असा माझाच आवाज आला. मी ऐकत उभी राहिले… जरा बरा लागला होता त्यात. तेवढ्यात दार बंद झालं."

आता मात्र तो हसला. भुवयांवरचा चुना झडून खाली पडला. वारा तटावरून झेप घेऊन खाली आला, पोती फडफडली, तिचे केस तोंडावर आले. आणि कोणीही 'आम्हाला वारा सोसत नाही' म्हणालं नाही.

"दोन वर्षं भांडतोय मी तुमच्याशी," चुनेवाला म्हणाला. "रोज सकाळी दार उघडलं की सगळ्यांच्या गळ्यात तुम्ही सुरू. माझं एक वाक्य ऐकून घेत नाही. मी किती बोललोय तुम्हाला…"

"बोला की मग. आता ऐकतेय."

त्याने तोंड उघडलं. मिटलं. "आता… आठवत नाहीये."

"मी कशी असेन वाटलं होतं?"

"उंच. अंबाडा. हातात पट्टी."

"निराश झालात?"

"बघतोय," तो म्हणाला आणि खरंच बघत राहिला. कृपया नजर वळवून पोत्यांकडे पाहू लागली. पोती विशेष काही सुंदर नव्हती.

"ही ओली का ठेवता?"

"चुना सावकाश वाळावा लागतो. घाई केली की तडे जातात. रोज पाणी मारायचं, झाकायचं, वाट बघायची." त्याने तिच्याकडे बूट दिला. "लोकांना चुना लावण्यापेक्षा भिंतींना लावलेला बरा. हा विनोद माझा नाही, इथे येणारा प्रत्येक माणूस करतो. तुम्ही केला नाहीत म्हणून मीच उरकून घेतला."

सूर्य बुरुजाकडे कलत होता. तिने तिकडे पाहिलं आणि तिचा चेहरा उतरला.

"काय झालं?"

"मला तिथे जाऊन हो म्हणायचंय." मग तिने सांगितलं – अंगठी, मॅनेजर, हॉल, आश्चर्य, सगळं. अनोळखी माणसाला कसं काय सांगितलं, देव जाणे. पण तो अनोळखी कुठे होता? दोन वर्षं भांडत होता.

"तुमच्या मनात काय आहे?"

"मनात 'नाही' आहे. तोंडात येत नाही. तुम्हाला सांगते, 'आपल्या खात्यात पुरेशी शिल्लक नाही' हे मी असं म्हणते की लोक मला थँक्यू म्हणतात."

"सराव करू," चुनेवाला उठून उभा राहिला. "मी विचारतो, तुम्ही नाही म्हणायचं. ही बादली हवी का?"

"आत्ता नको… पण ठेवा, बघते."

"हा 'नाही' झाला का? पुन्हा. हे ओलं पोतं, खांद्यावर घ्याल?"

"फार जड आहे का?"

"अहो!"

"सॉरी. पुन्हा विचारा."

"माझ्या हौदात नाणं टाकाल?"

"सुट्टे बघावे लागतील…"

त्याने कपाळाला हात लावला. कपाळावर पाचही बोटं उमटली. मग जरा थांबून, थापीकडे बघत, अगदी हळू आवाजात त्याने विचारलं, "पुन्हा… इकडे याल का कधी?"

"नाही."

दोघंही दचकले. स्वच्छ, कडक, वळणदार 'नाही'. स्टुडिओत दहा वेळा रेकॉर्ड करूनही आला नसता.

"जमलं की!" तो म्हणाला, पण आवाजात आनंद काही जमला नव्हता.

"जमलं," ती म्हणाली. "पण… हा खरा नव्हता."

वारा थांबला होता. निदान त्या दोघांपुरता तरी.

"कृपया!" दोरीपलीकडून मॅनेजर किंचाळली. "सूर्य काय तुझ्यासाठी थांबणार आहे? आणि हे काय, बुटाला? अंगठीच्या फोटोत बूट येणार तुझे!"

कृपया निघाली. दोरीखालून वाकताना तिने ठशाकडे बोट दाखवलं. "ते पुसून टाका."

"पुसतो," तो म्हणाला. "…उद्या."

*

पश्चिम बुरुजावर गर्दी होती. सगळ्यांच्या गळ्यात यंत्रं, सगळ्यांची तोंडं सूर्याकडे. प्रस्तावने आधी रुमाल अंथरला, मग त्यावर गुडघा टेकला. लोकांनी सूर्य सोडून मोबाईल इकडे वळवले.

"आपण दोघांनी खूप विचार केला," प्रस्ताव म्हणाला.

कृपया त्या विचाराच्या वेळी हजर नव्हती.

"आणि आपल्याला वाटतं की आता आपण…" त्याने डबी उघडली. "काय? हो ना? हो!" तो गर्दीकडे वळला. "हो म्हणतेय ती!"

टाळ्या. शिट्टी. सारथीने व्हिडिओ सुरू केला. मॅनेजर समोरून खुणा करत होती: हात, तोंडावर हात!

कृपयाने हात वर उचलला. पण तो तोंडापाशी थांबला नाही. तो डावा हात होता आणि तो डावीकडे गेला.

"कृपया लक्ष द्या," ती म्हणाली.

तळघरातला, फोमच्या खोलीतला तो आवाज. अख्खा बुरूज एकदम शांत झाला. अर्ध्या लोकांनी गळ्यातली यंत्रं चाचपली.

"या बुरुजावर आज होकार उपलब्ध नाही. उद्याही नसेल. जो होकार आपण आत्ता ऐकला, तो माझ्या परवानगीशिवाय प्रसारित झाला आहे. मला कॉफीत दोन चमचे साखर लागते. मला वारा आवडतो. गैरसोयीबद्दल…"

इथे सवयीने जीभ पुढे सरकली. तो शब्द तिने हजार वेळा म्हटला होता; लिफ्ट बंद पडल्याबद्दल, रांग वाढल्याबद्दल, तिने न केलेल्या प्रत्येक गोष्टीबद्दल. तिने तो गिळला.

"…गैरसोयीबद्दल मी अजिबात दिलगीर नाही. एक दुरुस्ती आहे. विहीर पाहायची असल्यास जिना उतरून डावीकडे वळा. डावीकडे. धन्यवाद."

आणि गर्दी निघाली. खरंच. एकेक करून, शिस्तीत, पायाखाली पाहत, सगळे जिना उतरून डावीकडे वळले. प्रस्तावही उठला, रुमाल झटकला, घडी घातली आणि चार पायऱ्या उतरून गेल्यावर त्याच्या लक्षात आलं.

"एक मिनिट," तो वळून म्हणाला. "ते मला होतं का?"

"हो," कृपया म्हणाली. यावेळचा 'हो' अगदी खरा होता. "तू चांगला आहेस. पण मी तुझ्यातली अर्धी नाहीये."

त्याने डबी मिटून खिशात टाकली. "साखरेचं… तू आधी सांगायचंस," असं म्हणून तो उतरला, आणि त्याबद्दल कृपयाला त्याचा पहिल्यांदाच थोडासा जिव्हाळा वाटला. उशीर झाला होता.

मॅनेजर भिंतीला टेकून उभी होती. तोंडावर हात, डोळ्यांत पाणी. हुबेहूब तिने शिकवलं होतं तसं.

"दाढा दिसत नाहीयेत ना माझ्या?" ती पुटपुटली.

"नाही. छान जमलंय."

"नालायक," मॅनेजर म्हणाली आणि तिला घट्ट मिठी मारली. "फोन वाजतोय तुझा. आई असणार. मी नाही हं उचलणार."

"म्हटलंस का?" आईने विचारलं.

"म्हटलं. नाही म्हटलं."

पलीकडे इतकी शांतता, की मागे हॉलवाला श्वास रोखून उभा असावा.

"कोणासाठी?" आई शेवटी म्हणाली. "कोण आहे दुसरा?"

"कोणासाठी नाही, आई. नकार माझा मीच दिलाय. एक भिंतीवाला आहे… पण तो नंतरचा विषय आहे. आणि आई, मी स्वेटर घातलेला नाही. घालणारही नाही."

"थंडी वाजेल," आई म्हणाली. आवाज चिडका होता, पण तिने फोन आपटला नाही. आईच्या मानाने हे पुष्कळच झालं.

गाडी तिघांना घेऊन उतरली; शेवटच्या बसने येते म्हणून तिने त्यांना काच वाजवून निरोप दिला. मग ती चौकात आली आणि आयुष्यात पहिल्यांदा, कोणी न सांगता, हात न हलवता, उजवीकडे वळली.

तो पोत्यांवर पाणी मारत होता. तोंड धुतलं होतं त्याने. चुन्याखाली एक लाजरा, उन्हाने रापलेला माणूस निघाला.

"ऐकू आलं," तो म्हणाला. "इथपर्यंत. आणि सगळे डावीकडे गेले. दोन वर्षांत पहिल्यांदा इकडे कोणी आलं नाही. फार… शांत वाटलं. मला नाही आवडलं."

"म्हणून आले."

"आलीस," तो म्हणाला, आणि 'अहो'चं काय झालं ते दोघांनीही विचारलं नाही. ठसा तसाच होता. त्याने पोत्याचं एक टोक तिच्या हातात दिलं, दुसरं स्वतः धरलं, आणि दोघांनी मिळून तो नीट झाकला… सावकाश वाळावा म्हणून.

*

पुढच्या आठवड्यात किल्ल्याच्या साहेबांनी तिला बोलावून दिशेची दुरुस्ती पुन्हा रेकॉर्ड करायला सांगितलं. ती नाही म्हणाली. आता तिला चटकच लागली होती. उलट तिने तिथेच एक अर्ज दिला. साहेबांनी तो तीनदा वाचला, चष्मा पुसून चौथ्यांदा वाचला. खाली दोन सह्या होत्या, त्यांतली एक जरा चुन्याने माखलेली:

'विषय: विहीर हलवणेबाबत. महोदय, आपल्या किल्ल्याचा आवाज उजवीकडे म्हणतो आणि विहीर डावीकडे आहे, ही बाब आम्हाला मान्य आहे. तथापि याच चुकीमुळे आम्हा अर्जदारांची गाठ पडली असल्याने आवाजात बदल करणे शक्य नाही. सबब, सदर विहीर तिच्या पाण्यासह, काठासह व तळाशी असलेल्या बेडकांसह डावीकडून उजवीकडे, चुन्याच्या हौदापासून हाताच्या अंतरावर, एका बुटाच्या ठशाला धक्का न लावता हलवण्यात यावी, ही विनंती. 'नम्र' हा शब्द मुद्दाम गाळला आहे.'